चिमण्या पावलांनीं नवेगांवबांध

प्रवासाचा बेत करण्यांत जी मौज असते ती प्रत्यक्ष प्रवासांत सांपडतेच असें नाहीं. बरोबर दोन-चार वर्षांचीं मुलें असलीं म्हणजे तर बेत एकीकडे आणि प्रवास दुसरीकडे, अशी गत होते. आमच्या घरानें हा अनुभव गेल्या वर्षीं चांगला घेतला. आणि त्यांतून जें थोडें शहाणपण आलें तें यंदाच्या जानेवारींत गोंदिया जिल्ह्यांतील नवेगांवबांधास जातांना उपयोगीं पडलें. ज्या घरांत लहान मुलें आहेत त्या घरांतील वाचकभगिनींस ती हकीकत सांगावी, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

आमचें घर पुण्याचें. सासूबाई, आम्ही उभयतां, धाकटे भावोजी व जाऊबाई, आणि त्यांचीं दोन मुलें: बंडू चार वर्षांचा व छकुली दोन वर्षांची. माझीं मुलें शिक्षणासाठीं बाहेरगांवीं असल्यामुळें घरांतील सारे लाड या दोघांच्याच वांट्यास येतात. गेल्या मे महिन्यांत भावोजींनीं मोठ्या हौसेनें एका क्रीडा-उद्यानाचीं तिकिटें काढलीं. उंच पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, अंधाऱ्या गुहेंतून धांवणारी आगगाडी, असें सर्व कांहीं तेथें होतें. परंतु अशा मोठ्या पाळण्यांच्या दाराशीं उंची मोजण्याची एक पट्टी असते. तेवढी उंची भरली नाहीं तर मुलाला आंत सोडीत नाहींत. नियम योग्य आहे. मुलाच्या जिवासाठींच तो केलेला आहे. चूक झाली ती आमची, कारण तिकिटें काढण्यापूर्वीं तो आम्हांपैकीं कोणीं वाचलाच नव्हता. बंडू एकामागून एक पांच पट्ट्यांशीं उभा राहिला आणि पांचही ठिकाणांहून परत आला. सहाव्या ठिकाणीं त्यानें भर उन्हांत जमिनीवर अंग टाकलें. इकडे छकुली आईच्या खांद्यावर तापानें फणफणलेली. पैसे गेलेले, घसे सुकलेले. आणि भावोजींचा हात मुलावर उठला. तोपर्यंत तो कधीं उठला नव्हता.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागें भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. घरांतील प्रत्येक मुलाची उंची त्याच्या वाढदिवशीं तेथें मांडावयाची, ही मामंजींच्या वेळेपासूनची चाल. भिंतीला रंग देतांना तेवढा तुकडा सोडून देतात, म्हणून भावोजींच्या लहानपणच्या रेघाही तेथें अजून दिसतात. ऑगस्टांत बंडूला चार वर्षें पूर्ण झालीं. ओवाळून झाल्यावर भावोजी पेन्सिल घेऊन आले, तों मुलगा आजीच्या पदराआड लपला. “मला नका मोजूं. मी नाहीं भरत,” एवढेंच तो म्हणाला. भावोजींनीं पेन्सिल खिशांत ठेवली. त्या दिवशीं त्यांना पानावरचें गोड लागलें नाहीं हें आम्हां सर्वांना दिसलें. पण त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं.

अमेरिकेंतील डिस्नेलँड हें उद्यान १७ जुलै १९५५ रोजीं उघडलें, आणि पुढें जगभर निघालेल्या अशा उद्यानांना तेंच उदाहरण झालें. तें काढणारे वॉल्ट डिस्ने यांनीं त्याच्या उगमाची हकीकत सांगितलेली आहे. आपल्या मुलींना फिरत्या लांकडी घोड्यांवर बसवून ते स्वतः बाकावर बसून राहात. आणि आईबाप व मुलें यांना मिळून मौज करतां येईल असें एखादें ठिकाण असावें, असें त्यांच्या मनांत येई. ही गोष्ट माझ्या यजमानांनीं एके रात्रीं जेवतांना सांगितली, तेव्हां सासूबाई म्हणाल्या, “मिळून मौज करायची, हें खरें. आपण मिळून रडलों.” सर्वांना हंसूं आलें, आणि मे महिन्यापासून अडकून राहिलेला तो विषय प्रथमच मोकळा झाला.

दिवाळींत गोंदियाहून वन्संचा फोन आला. त्यांचे यजमान तेथें नोकरीस आहेत. “थंडींत या. नवेगांवबांधाला जाऊं. मुलांना पाणी आणि पांखरें दाखवूं,” असें त्यांचें म्हणणें. भावोजींनीं लगेच कागद घेतला व चार दिवसांत सात ठिकाणें बसविलीं: नवेगांवबांधाचा तलाव, नागझिऱ्याचें अरण्य, इटियाडोहाचें धरण, सालेकसा तालुक्यांतील हाजरा धबधबा, कचारगडच्या गुहा, आणि आणखी दोन. सासूबाईंनीं चष्मा लावून तो कागद वाचला. मग त्यांनीं विचारलें, “अरे, हें पोरांना दाखवायचें आहे, कीं पोरांना कडेवर घेऊन तुला बघायचें आहे?”

त्या एका प्रश्नानें आमचा बेत सुधारला. आम्हीं सात ठिकाणांवर काट मारून एकच ठेवलें. पहिला नियम असा ठरला, कीं तीन रात्री बिछाना एकाच ठिकाणीं. कारण लहान मुलाला नवी जागा ओळखीची होण्यासच एक दिवस लागतो. दुसरा नियम, सकाळीं एक गोष्ट व संध्याकाळीं एक गोष्ट. मधली दुपार झोंपेची, तिला कोणीं हात लावावयाचा नाहीं. तिसरा नियम सासूबाईंचा. प्रवासाला गेलें तरी घरांतील बायकांची सुटी होत नाहीं, चूल तेवढी बदलते, असें त्यांचें मत. म्हणून बरोबरच्या प्रत्येक मोठ्या माणसास एक सकाळ अशी मिळावी, कीं त्या वेळेस त्याला कोणीं हांक मारूं नये. हा तिसरा नियम ऐकून जाऊबाईंनीं मान खालीं घातली व भाजी चिरावयास घेतली. त्यांना तो खरा वाटला नाहीं, हें उघड होतें.

पुण्याहून गोंदियास जाण्यास कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस सोयीची आहे, कारण मध्यें गाडी बदलावी लागत नाहीं. प्रवास मात्र सुमारें वीस तासांचा. मुंबईकरांना विदर्भ एक्स्प्रेस आहे. पांच वर्षांखालील मुलाला रेल्वेंत तिकीट लागत नाहीं, पण निजण्यास जागाही मिळत नाहीं; जागा हवी असल्यास मोठ्या माणसाचें भाडें भरावें लागतें. आम्हीं दोन्ही मुलांचें भाडें भरलें, आणि त्या पैशाइतका सार्थकीं लागलेला पैसा या सबंध प्रवासांत दुसरा नाहीं. दोन्ही मुलें रात्रभर पाय पसरून निजलीं, व त्यांच्या आयाही निजल्या. शिदोरींत दशम्या, मेतकूट, भाजलेल्या पोह्यांचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू आणि घरचें उकळलेलें पाणी. औषधांच्या डबींत तापमापक, डॉक्टरांनीं वजनाप्रमाणें लिहून दिलेलें तापाचें औषध, क्षार-संजीवनीच्या पुड्या व मच्छर दूर ठेवण्याचें मलम. शिवाय एक मोठी मच्छरदाणी. तलाव, भातशेती आणि रान जेथें आहे तेथें डांस असावयाचेच. त्यांची चेष्टा करूं नये.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. मुलूख तांदळाचा, शहरांत भात सडण्याच्या गिरण्या पुष्कळ. उतरल्यावर दुसरा सबंध दिवस आम्हीं वन्संच्या घरींच काढला. भावोजींचा जीव तळमळत होता. परंतु गाडीच्या शिणानें छकुली अकरा वाजेपर्यंत उठलीच नाहीं, आणि बंडूनें अंगणांतील पेरूच्या झाडाखालीं मातीचें दुकान मांडलें. येथली थंडी पुण्याहून कडक. वन्संनीं चिन्नोर तांदळाचा मऊ भात तूप-मीठ घालून दोघांना भरविला, आणि पुढील तीन दिवसांसाठीं तेच तांदूळ पिशवींत बांधून दिले. परक्या गांवीं मुलाच्या पोटांत रोजचा घांस गेला, तर निम्मी काळजी मिटते.

त्या संध्याकाळीं परसवाड्याच्या बाजूस सारस पाहाण्यास गेलों. महाराष्ट्रांत हा पक्षी आतां अगदीं मोजका उरला आहे, आणि जो आहे तो मुख्यत्वें या गोंदियाच्या तळ्यांच्या व धानाच्या बांध्यांच्या आश्रयानें. उडणाऱ्या पक्ष्यांत जगांत सर्वांत उंच तो हाच. जोडीनें राहातो, आणि जोडी सहसा फुटत नाहीं. कापणी झालेल्या बांधीत दूरवर एक जोडी उभी होती: अंग राखी, डोकें व मान तांबडी, पाय लांबलचक. आम्ही सर्व मोठीं माणसें श्वास रोखून पाहात होतों. भावोजी छकुलीला उंच धरून “तो बघ, तो बघ” म्हणत होते; आणि छकुली खालीं बघून टाळ्या वाजवीत होती, कारण त्यांच्या पायाशीं शेळीचें एक करडूं येऊन उभें राहिलें होतें. पूर्वींच्या भावोजींनीं तिचें तोंड धरून सारसाकडे वळविलें असतें. या वेळीं त्यांनीं तिला खालीं उतरविलें. सारसांचें भाग्य आम्हांला, करडाचें तिला. दोघांचीही संध्याकाळ चांगली गेली.

नवेगांवबांध गोंदियाहून सुमारें पासष्ट किलोमीटर. गोरेगांववरून कोहमाऱ्यास जावयाचें व तेथून दक्षिणेकडे वळावयाचें. वाटेंत दोहोंबाजूंस लहान-लहान तळीं दिसतात. या भागांत त्यांना ‘बोडी’ म्हणतात. पूर्वींचे भंडारा व चांदा हे जिल्हे तळ्यांचेच. पावसाचें पाणी अडवून त्यावर धान व ऊंस पिकविण्याची विद्या येथील कोहळी लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. नवेगांवचा मोठा बांधही अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें घातला असें सांगतात. पुढें लोकांनीं त्याला देवपण दिलें. कोलासूर या नांवानें तलावाच्या डोंगरावर त्याचें ठाणें आहे. भोंवतालच्या टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात. पाण्याचा विस्तार सुमारें अकरा चौरस किलोमीटर. एका नजरेंत मावत नाहीं. सासूबाई बांधावर उभ्या राहून पुष्कळ वेळ पाहात होत्या. मग म्हणाल्या, “ज्यानें हा घातला त्याला यांतून मिळालें किती आणि नातवंडा-पणतवंडांना मिळालें किती!” आणि त्यांनीं पाण्याला नमस्कार केला.

भोंवतालचें अरण्य १९७५ मध्यें राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालें. नागझिऱ्याचें अभयारण्य त्याहून जुनें, १९७० चें. दोन्ही मिळून डिसेंबर २०१३ मध्यें नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. मराठी वाचकांस मात्र हें ठिकाण ओळखीचें झालें तें मारुती चितमपल्ली यांच्यामुळें. वनाधिकारी म्हणून ते येथें राहिले, आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ या नांवाचें पुस्तकच त्यांनीं लिहिलें. २०२५ मध्यें त्यांना पद्मश्री जाहीर झाली व त्याच वर्षीं जून महिन्यांत ते वारले. माझ्या यजमानांनीं तें पुस्तक बरोबर घेतलें होतें. दुपारीं मुलें निजलीं म्हणजे ते व्हरांड्यांत बसून सासूबाईंना वाचून दाखवीत. त्यांच्या वांट्याची ‘सुटी’ त्यांनीं अशी घेतली.

पहिल्या सकाळची आमची एक गोष्ट म्हणजे बांधावरून चालणें. मोठ्या माणसास दहा मिनिटें लागावीं एवढें अंतर. आम्हांला दीड तास लागला. दोन वर्षांचें मूल चालतें तें कोठें पोंचण्यासाठीं नव्हे. एक खडा उचलावयाचा, तो पाण्यांत टाकावयाचा, मग दुसरा उचलावयाचा. धुकें हळूहळू वर गेलें, तशीं पाण्यावरचीं पांखरें दिसूं लागलीं. काळीं, गुबगुबीत, कपाळावर पांढरा टिळा असलेलीं पुष्कळ पांखरें घोळक्यानें पोहत होतीं. यजमान म्हणाले, “यांना वारकरी म्हणतात.” बंडूनें ताबडतोब विचारलें, “मग यांचे टाळ कोठें आहेत?” सासूबाई दोनदां पंढरीची पायी वारी करून आलेल्या, त्यांना इतका आनंद झाला, कीं त्यांनीं तेथेंच नातवाला जवळ घेऊन वारीची सबंध हकीकत सांगितली. मुलानें त्या दिवसापासून पाण्याला ‘पंढरपूर’ हें नांव ठेवलें. शाळेंत पुढें कधींतरी भूगोलाचे मास्तर तें दुरुस्त करतील.

संध्याकाळीं बागेंतील झोके. दुसरें कांहीं नाहीं. नावेंत बसण्याची भावोजींची फार इच्छा होती, पण मीं मोडता घातला. तरंगण्याचें जाकीट मुलाच्या मापाचें, अंगाला घट्ट बसणारें, हातीं आल्याखेरीज लहान मुलाला नावेंत नेऊं नये. मोठ्याचें जाकीट त्याच्या डोक्यावरून निसटतें. पाणी कांठावरूनही तितकेंच सुंदर दिसतें.

त्याच रात्रीं छकुलीला तीन-चार जुलाब झाले. गेल्या मे महिन्यापासून जाऊबाईंच्या मनांत भय बसलेलें. त्यांचा चेहरा पांढरा पडला. परंतु या वेळीं दवाखाना कोठें आहे व रात्रीं गाडी कोण देईल हें वन्संच्या यजमानांनीं आधींच विचारून ठेवलें होतें. औषधांच्या डबींतील पुडी पाण्यांत मिसळून आम्हीं चमच्या-चमच्यानें पाजली. पुडी नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावें, हें प्रमाण प्रत्येक घरांत पाठ असावें. मूल सुस्त पडलें, पाणी घेईनासें झालें, ताप चढला किंवा जुलाबांत रक्त दिसलें, तर मात्र घरगुती उपाय करीत बसूं नये. दैवयोगानें तशी वेळ आली नाहीं. पहांटे ती निजली, आणि दुसरा दिवस आम्हीं कांहींएक न करतां काढला. सात ठिकाणांचा बेत असता तर हा दिवस कोठून आणला असता?

तिसरी पहांट अरण्यांत जाण्याची. उघड्या मोटारींतून तीन-चार तास हिंडावें लागतें. थंडी बोचते, बोलावयाचें नाहीं, वाटेंत उतरावयाचें नाहीं. दोन वर्षांच्या मुलासाठीं हें नव्हेच. जाणार होते भावोजी व यजमान. परंतु आदल्या रात्रीं भावोजी मला म्हणाले, “वहिनी, माझ्याऐवजीं हिलाच पाठवा. मी मुलांजवळ राहातों.” वन विभागाच्या फाटकावर नांवें बदलण्याचा खटाटोप यजमानांनीं केला. जाऊबाई निघतांना तीन वेळां मागें फिरल्या: दुपटें कोठें आहे, पाणी कोमट आहे ना, छकुली उठली तर मला रडेल. शेवटीं सासूबाई म्हणाल्या, “अगं, जा आतां. मीं चार वाढविलीं आहेत.”

मीही त्या सकाळीं मुद्दाम पडून राहिलें. खिडकींतून मला दिसत होतें तेवढें सांगतें. भावोजींनीं छकुलीला पाठुंगळीस घेतलें होतें, आणि बंडू पुढें चालला होता. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचा दगड होता. बंडू त्याच्याशीं थांबला. पाठ टेकून उभा राहिला. मग हात डोक्यावर सपाट धरून तो दगडावरून फिरविला. दगड त्याच्या खांद्यापर्यंतच आला. त्यानें पुन्हां एकदां तसेंच करून पाहिलें. नंतर तो ओरडला, तें मला आंत ऐकूं आलें: “बाबा, मी मोठा! दगड लहान!” भावोजी कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं छकुलीला खालीं ठेवलें, आणि स्वतः रस्त्यावर गुडघे टेकून, डोळे दगडाच्या रेषेंत आणून, नीट पाहिलें. मग मान हालवून म्हणाले, “खरेंच कीं! चांगला वीतभर मोठा आहेस.” पुढें ते मुलाला हलकेंच काय म्हणाले तें ऐकूं आलें नाहीं, पण मे महिन्यांतली गोष्ट निघाली असावी, कारण मुलानें त्यांच्या गळ्यांत हात टाकलेले मला दिसले. मी खिडकींतून दूर झालें. तें पाहाणें माझें काम नव्हतें.

जाऊबाई दहाच्या सुमारास परत आल्या. वाघ दिसला नव्हता. रानगवे दिसले, चितळांचा कळप दिसला, आणि मोहाच्या झाडाखालीं मोर. “बरें झालें का?” मीं विचारलें. त्या म्हणाल्या, “वहिनी, चार तास मला कोणीं आई म्हटलें नाहीं. आणि नंतर मलाच आठवण यायला लागली.” त्यांच्या गालांवर थंडीनें लाली चढली होती. इतक्या वर्षांत त्यांना इतकें निवांत मीं पाहिलें नव्हतें. त्यांची मुलें तोंवर व्हरांड्यांत बापाच्या मांडीवर बसून पोहे खात होतीं. पोहे मांडीपेक्षां जमिनीवर जास्त होते, आणि कोणाच्याही अंगांत झबलें-सदरा सुलटा नव्हता. पण त्याबद्दल कोणीं तक्रार केली नाहीं.

थंडीचे महिने येथें जाण्यास उत्तम. उन्हाळ्यांत वाघ दिसण्याचा संभव अधिक म्हणतात, पण विदर्भाचें ऊन लहान मुलांना सोसावयाचें नाहीं, आणि पावसाळ्यांत अरण्याचे मुख्य मार्ग बंद असतात. हाजरा धबधबा, कचारगड, इटियाडोह हीं आमचीं राहिलीं आहेत तीं राहूं देत. मुलें मोठीं होतील; डोंगर व धरण तेथेंच असतील. कांहीं वर्षांनीं मोठ्या पाळण्यांच्या त्या उद्यानालाही जाऊं. त्या पाळण्यांशीं आमचें वैर नाहीं, आणि पट्टीही तोंवर भरेल.

पुण्यास परतल्यावर वळकट्या सोडण्यापूर्वींच बंडू स्वयंपाकघरांत गेला. दाराआडून त्याची हांक आली. आम्ही जाऊन पाहातों तों तो भिंतीला पाठ लावून, टांचा जुळवून, ताठ उभा. वाढदिवस ऑगस्टांत आणि मोजणी जानेवारींत, अशी घराच्या चालीला न जुळणारी ती रेघ भावोजींनीं ओढली. तिच्यापुढें तारीख घालावयाची असते. त्यांनीं तारखेबरोबर ‘नवेगांवबांध’ असें लिहिलें. त्याच भिंतीवर, थोडी वर, त्यांची स्वतःची पांचव्या वर्षाची रेघ आहे. बापलेकांनीं दोहोंमधलें अंतर बोटांनीं मोजलें. तें चार बोटें भरलें.